दोन छटा उजळ

खुट्.

भर दुपारी, घर गपगार असताना, एवढाच आवाज. ओजू माझ्या मांडीवर नुकतीच झोपली होती, पंखा एकवर होता, आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागून पत्र्याच्या डबीचं झाकण निघालं. मग पुन्हा शांतता. मिश्रीचं बोट दातांवरून फिरतं त्याला आवाज नसतो.

मी मनात आकडे मोजत राहिले. नव्वदपर्यंत पोचायच्या आत फोन उजळला. ‘रुग्ण १७. निकोटीन, सौम्य. आज तिसऱ्यांदा.’

चहाच्या वेळी मी अगदी प्रेमाने म्हटलं, “आत्या, आज तिसरी ना?”

तिचा कप ओठांपाशीच थांबला. “तुला कसं गं कळतं समदं?”

“वास येतो.”

“लवंग खाल्ली की मी.”

“तरी येतो.”

ती हसली आणि पदर पटकन तोंडाशी गेला. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

मालनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि माझी सासूही. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मुलगी देतात, त्यामुळे लग्न झालं तेव्हा मला हाक बदलावी लागली नाही. माझ्या जन्मानंतर आईला बरेच दिवस बरं नव्हतं, तेव्हा मला न्हाऊमाखू घालायला हीच होती. माझा नवरा रणजित जतकडच्या पवनचक्क्यांवर कामाला, पंधरा दिवसांनी येतो. मिरजेच्या दोन खोल्यांत एरवी आम्ही तिघीच. आत्या, मी आणि साडेचार वर्षांची ओजस्वी.

मी दातांचे रंग जुळवते. हे काम अजून माणसाच्याच डोळ्याने नीट होतं. सोळा खोट्या दातांची एक पट्टी असते, पंख्यासारखी उघडते. ओठांची लाली पुसायची, माणसाला खिडकीच्या उजेडात बसवायचं, पट्टी तोंडाशी धरायची आणि पाच सेकंदांत ठरवायचं. जास्त वेळ बघितलं की डोळा फसतो. माझा फसत नाही असं लॅबमध्ये सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

गेल्या वर्षी आमच्या लॅबने बोलकी दाढ तयार केली.

पूर्वी दाढेतला खड्डा ज्या ‘चांदी’ने भरत, तिच्यात चांदी, कथील, तांबं यांची पूड असे आणि जवळजवळ निम्मा पारा. आता पारा वापरायला बंदी आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडात ती भरणं अजून ठाण मांडून आहेत. धड असतील तर त्यांना हात लावू नये, असं कुठलाही प्रामाणिक दंतवैद्य सांगेल. ती गप पडलेली असतात. कोरायला गेलं तरच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

आमचं नवं भरण दाताच्याच रंगाचं. त्याच्या थरांत खसखशीच्या दाण्याएवढा एक स्फटिक पुरलेला असतो. त्यावर दाब पडला की किंचित वीज तयार होते. म्हणजे माणूस भाकरी चावतो आणि त्याच घासावर दाढही आपलं पोट भरते. त्या विजेवर ती लाळ चाखत बसते. साखर किती, आम्ल किती, निकोटीन आहे का. माणसाला ताण आला की एक संप्रेरक रक्तातून लाळेत उतरतं, तेही तिला कळतं, जरा उशिरा. आणि दात किती जोरात आवळले ते तर त्याच क्षणी. हे सगळं ती घरातल्या भिंतीवर चिकटवलेल्या बटणाएवढ्या रिसीव्हरला कळवते, तिथून लॅबला. मधुमेह, हिरड्यांचा आजार, तोंडाचा कॅन्सर, सगळं वर्ष-दोन वर्षं आधी पकडता येईल अशी आमची आशा होती. अजूनही आहे.

चाचणीला चाळीस माणसं हवी होती, वीस वर्षांवरची चांदी तोंडात असलेली. आम्ही प्रत्येकीने आपापल्या ओळखीतली आणायची होती. मी आत्याला नेलं.

तिच्या डाव्या बाजूच्या एका दाढेत मोठं थोरलं भरण होतं, एकोणतीस वर्षांपूर्वीचं. आईच्या बाळंतपणाला ती मिरजेला आली होती, दाढेने हैराण होती, तेव्हा माझ्या बारशाच्या आधी सरकारी दवाखान्यात जाऊन भरून आली. माझ्याच वयाची चांदी. लॅबच्या शिराळकर मॅडमनी आरशातून बघितलं, टोकाने खरवडून बघितलं.

“शलाका, हे उत्तम आहे गं. काढायला काही कारण नाही.”

“पारा आहे ना मॅडम. घरात लहान मूल आहे.”

“त्याचा काही संबंध नाही, तुलाही माहीत आहे. तुझ्या आत्याची इच्छा आहे का?”

“आहे.”

आत्याची इच्छा एवढीच होती की मला लॅबमध्ये मान मिळावा. रबराचा पडदा तोंडावर ताणलेला असतानाही ती बोलायचा प्रयत्न करत होती. पडदा निघाल्यावर पहिलं वाक्य आलं, “ती चांदी दे की मला. ओजूच्या पैंजणाला हुईल.”

“निम्मा पारा आहे त्यात, आत्या.”

“मग निम्मी तरी दे!”

मॅडम खो खो हसल्या. तुकडे झाकणाच्या बाटलीत गेले आणि बाटली कपाटात.

त्याआधी संमतीपत्र झालं होतं. टॅबवर अकरा पानं. आत्याचे सगळे ओटीपी माझ्याच फोनवर येतात, गॅसचे, रेशनचे, पेन्शनचे. ती ‘आला काय गं नंबर?’ एवढंच विचारते. त्या दिवशी मात्र तिने विचारलं, “काय लिवलंय त्यात?”

“दाढ बसवायला परवानगी.”

“मग दे की. तू म्हणतीस म्हंजे बराबर.”

मी नंबर टाकला. सातव्या पानावर लिहिलं होतं की दाढ काय काय कळवते आणि कोणाला. कुटुंबातल्या एका व्यक्तीला निकोटीनची सूचना मिळेल, त्या रकान्यात मी माझं नाव आधीच भरलं होतं.

मग रंग. आत्याचे दात मिश्रीने काळपट तपकिरी झालेले. पट्टीवरचा शेवटचा, सगळ्यात गडद दात तोंडाशी धरला तरी तो उजळ वाटावा असे. अशा वेळी आम्ही वेगळी छटा मुद्दाम बनवून घेतो. मला ती बनवता आली असती, पाच सेकंदांत ठरली होती. मी तिच्याहून दोन छटा उजळ बनवली. मिश्री सुटली की दात स्वच्छ करून घेऊ, मग बरोब्बर जुळेल, असा माझा हिशेब. आमच्या भरणावर डाग बसत नाही. म्हणजे तोपर्यंत ते तसंच दिसत राहणार होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

हे सगळं मी वाईट हेतूने केलं का? नाही. एकदा घरी आले तर ओजू आरशासमोर स्टुलावर उभी, शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा हातात, आणि बोट काळं करून दातांवर फिरवत होती. “मी पण आजी,” म्हणाली. त्या दिवशी आत्याला ओरडले असते तर बरं झालं असतं. तीही मला ओरडली असती, दोघी रडलो असतो, संध्याकाळी पिठलं खाल्लं असतं. मी ओरडले नाही. मी चाचणीत तिचं नाव घातलं.

पहिला आठवडा मी नुसती बघत राहिले. दिवसाला सात वेळा. मग रोज घरी आल्यावर, चपला काढता काढता, एखादं वाक्य. “आत्या, आज सकाळीच दोनदा?” “आत्या, दुपारची चुकवलीस, शाब्बास.” चार महिन्यांत सातावरून तीनवर आली. मी रणजितला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, “आईला डॉक्टर जमला नाही, देव जमला नाही, तुला कसं जमलं?” मी म्हटलं, “प्रेमानं.”

मग तो सोमवार आला.

सोमवारी लॅबमध्ये भिंतीवर आलेख लावतात आणि सगळे मिळून बघतात. नावं नसतात, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, हे ज्याने माणूस आणला त्यालाच माहीत. पुण्याहून नवीनच आलेला डॉ. निनाद उठून उभा राहिला.

“सतरा बघा. साठीपुढची बाई. हे दात आवळण्याचं टोक. रोज पावणेसहा. नंतर वीस मिनिटांनी ताणाचं संप्रेरक. रोज. रविवारीसुद्धा.”

रविवारी लॅब चालू असते. सुट्टी गुरुवारी.

“घरात कोणीतरी पिऊन येतंय,” निनाद म्हणाला.

“पिणारा इतका वेळेवर येत नाही,” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

“अकरा तारखेला टोक सात वाजून पाचला आहे,” मॅडमनी चष्मा वर केला. “त्या दिवशी तो माणूस उशिरा आला.”

अकरा तारखेला मी ओजूला बूट घ्यायला बाजारात थांबले होते.

“फक्त गुरुवारी टोक नाही मॅडम. पण गुरुवारी रेघ दिवसभर खाली येत नाही. म्हणजे गुरुवारी तो घरीच असतो.”

“पहिल्या आठवड्यात?”

“काही नाही. एकदम सपाट. काय असेल ते नंतर सुरू झालंय.”

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. “बिचारी,” म्हणाल्या. “नियमाप्रमाणे घरी माणूस पाठवायला लागेल. बुधवारी समाजसेविकेला पाठवू. तोपर्यंत कोणी काही बोलू नका, तो माणूस सावध होईल.”

मी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच बंद केली. मला फक्त निकोटीनच्या सूचना यायच्या. बाकीच्या रेघा बघता येत होत्या, एक बटण दाबायचं होतं. चार महिन्यांत मला ते दाबावंसं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घराच्या जिन्यात, आमच्या दाराच्या चार पायऱ्या खाली थांबून मी ते दाबलं. पाच चाळीस. दार लोटलेलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

“ओजू, हात दाखीव. त्वांड पूस. आई यील आता.”

“आजी, डबी लपवली?”

“लपिवली. गप.”

चूळ भरल्याचा आवाज. पुन्हा चूळ. तिसऱ्यांदा चूळ. फोनवर रेघ हळूहळू चढत होती, जिना चढावा तशी. मी तिथेच उभी होते, कोणाला काही केलं नव्हतं, अजून घरात पाऊलही टाकलं नव्हतं. पाच त्रेचाळीस. शेजारच्या शकूताईचा कुकर शिट्टी देऊन गेला. पाच पंचेचाळीसला मी एक चप्पल काढून पायरीवर टाकली. टप्प, एवढाच आवाज.

रेघ सरळ वर गेली, पडद्याच्या बाहेर.

मी खूप वेळ तशीच, एक पाय अनवाणी. मग वर गेले. दारात ओजू धावत आली. ती रोज अशीच येते, दिवसभराचं सगळं एका दमात सांगायला. “आई, सांगू? आज मांजरीनं शकूमावशीचं दूध पाडलं, आणि मी पडले पण रडले नाही, आणि सांगू?” तिच्यामागे आत्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी. हसत होती, ओठ मिटून.

“आत्या, बस,” मी म्हटलं. “मला वास येत नाही.”

“कशाचा गं?”

“मिश्रीचा. मला कधीच आला नाही. तुझी दाढ सांगते मला.”

ती आधी खरंच हसली. “दाढ कुटं बोलतीया व्हय?”

मी फोन पुढे केला. तिने तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. मी बोटाने दाखवत गेले. ही सकाळ, ही दुपार, हे निकोटीन. बोलताना माझा आवाज लॅबमधल्यासारखाच येत होता, तो मला बदलता येईना.

“आणि ही वर गेलीया ती?”

“तू दात आवळतेस. मी येते तेव्हा.”

तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. “मला वाटायचं,” ती म्हणाली, “आतल्या आत हाय, कुणाला दिसत न्हाई.”

ओजू आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

“किती दिस झालं?”

“चार महिने.”

“त्या कागदात हुतं?”

“सातव्या पानावर.”

“मी इचारलं हुतं गं तुला.”

“हो.”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “शकू म्हणली, मालन, काळ्या भितीवर चुन्याचं बोट उठलंय. मी म्हणलं, पोरीचं चुकलं आसंल, नवं हाय काम. पर तुजं रंगात चुकत न्हाई, न्हवं?”

“तू सोडशील म्हणून… सोडल्यावर जुळलं असतं.”

“म्हंजे पैल्याच दिशी ठरिवलं हुतंस. मी कशी व्हायला पायजे ते.”

मी फोन घेतला. “आत्या, बंद करते. हे बघ, आत्ता.” बटण दाबलं. पडद्यावर ‘नोंद थांबवली आहे’ असं आलं. भिंतीवरचा रिसीव्हरही मी उपसून काढला, त्याच्याबरोबर रंगाचा पोपडा आला. “झालं. बंद.”

“बंद झालं ते मला कसं कळायचं?”

“मी सांगते ना.”

“व्हय,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मी शोधला. “तवाबी तूच सांगितलंस.”

“मग काढूनच टाकू. मॅडमना सांगते.”

“काढून काय भरशील? ती चांदी बसवतील का माघारी?”

चांदी आता कुणाला बसवता येत नाही. आणि जुनं भरण कोरताना दाढेची भिंत पातळ झालेली, आणखी एकदा कोरली तर तिला तडा जाईल. हे मी तिला सांगितलं, यावेळी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि कुकर लावायला गेली. त्या रात्री जेवताना मी पाहिलं, ती उजव्या बाजूने चावत होती.

मंगळवारी लॅबमध्ये गेल्या गेल्या मॅडमच्या खोलीत जाऊन म्हणाले, “सतरा नंबर माझी सासू आहे. पावणेसहाला घरी मी येते.” निनाद तिथेच होता. त्याने जमिनीकडे बघितलं. मॅडमनी संमतीपत्र उघडलं, नंबर कोणत्या फोनवर गेला ते बघितलं, आणि मग बाकीची एकोणचाळीसही उघडून बघितली. चाळीसपैकी सव्वीस जणांचं तसंच निघालं, कुणाचे मुलाच्या फोनवर, कुणाचे सुनेच्या. चाचणी थांबली, सगळ्यांना पुन्हा विचारायचं ठरलं. मला चाचणीतून काढलं. रंग अजून मीच जुळवते, पण आता मी पट्टी माणसाच्या हातात देते आणि आरसाही.

आत्या रागावून लेकीकडे जाईल असं मला वाटलं होतं. गेली असती तर मला सोपं झालं असतं. ती आहे. ओजूला बालवाडीत सोडते, आणते, भात मऊ करून भरवते. मिश्रीची डबी आता तांदळाच्या डब्यामागे नसते, ओट्यावर असते, सगळ्यांदेखत. आणि मी घरी असले की झाकण उघडायच्या आधी ती स्वयंपाकघरातून विचारते, “शलाका, लावू का गं?”

पहिल्यांदा मी धावत आत गेले. “आत्या, मला काय विचारतेस? तुझी डबी आहे.”

“न्हाई, तुला कळतंच की. त्यापरीस आधी इचारल्यालं बरं.”

किती वेळा सांगितलं तरी ती विचारते. आणि मी ‘लाव’ म्हणेपर्यंत तो आवाज येत नाही. मुलीच्या आजीला रोज स्वतःच्या तोंडाने तंबाखूची परवानगी देते मी. दिवसाला पुन्हा सात वेळा झालं आहे बहुतेक. मी मोजत नाही, पण मोजायची सवय मोडत नाही. आणि बोलताना पदर तोंडाशी असतो, घरातसुद्धा, माझ्यासमोरसुद्धा. लहानपणी मला मांडीवर घेऊन ती तोंड उघडं टाकून घोरायची, ते मला आठवतं.

मध्येच ओजू उठली म्हणून इथे थांबले होते. आता ती पाटीवर मांजर काढते आहे, तेवढ्यात राहिलेलं लिहिते.

गेल्या गुरुवारचं आहे. ओजूच्या मागच्या दुधाच्या दाढेवर काळा ठिपका आलाय, तो भरायला हवा. मॅडमनी आदल्या दिवशी लॅबमध्ये दोन्ही प्रकार सांगितले. साधं भरण, आणि लहान मुलांसाठीची बोलकी दाढ, तिची वेगळी चाचणी नव्याने सुरू होते आहे, यावेळी सगळं नीट विचारून, वाचून. “ठरव,” म्हणाल्या, “घाई नाही.” आईला कळेल की मुलाने किती गोड खाल्लं, ताप येणार का, शाळेत घाबरलं का. शाळेत घाबरलं का, याच्यावर माझं मन अडकून बसलं. खोटं कशाला सांगू.

दुपारी ओजूला आरशासमोर स्टुलावर उभं केलं, त्याच स्टुलावर. तिने आ केला. मी ठिपका दाखवला. आत ओट्यापाशी आत्या डाळ निवडत होती.

“पुढच्या शनिवारी हा भरायचा हं. दुखणार नाही.”

“आजीसारखा?”

“काय आजीसारखा?”

“सांगणारा.”

आतला सुपाचा आवाज थांबला.

“बघू,” मी म्हटलं. “तुला कुठला हवा?”

तिने तोंड मिटलं, जिभेने ठिपका चाचपला, विचार केला. मग स्टुलावरून माझ्या गळ्यात हात टाकले, कानाशी तोंड आणलं, गुपित विचारावं तसं.

“तो तुला सगळंच सांगेल ना आई? मग तू घरी आलीस की मी काय सांगू?”